वरचं बूच

या वसंतात दोन दिवस माझा संसार माझ्या भावाच्या पिकअपखाली अडकून पडला होता. मी वाढवून सांगत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यात दातेरी चाकं तेलात फिरतात, त्याला दोन बुचं असतात. आट्यांची, पान्यानं फिरवायची. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून सोडायचं. खालच्या बुचाशी माझं काही वैर नव्हतं. वरचं मात्र माझ्या नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं सुटलं असतं तर माझा तलाक होणार होता.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

माझा नवरा दखील गाड्या दुरुस्त करतो. आमच्या अंगणाच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड आहे. कुवैरा गावापासून रमच्या वाळवंटापर्यंत वाळूत गाडी घालणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथं येऊन चहा पिऊन गेलेला आहे. माझा भाऊ सुवैलम परदेशी पाहुण्यांना वाळवंट दाखवतो. दखील आमच्या चुलत्याचा मुलगा. आम्ही तिघं एकाच तंबूच्या दोन बाजूंना वाढलो, म्हणून मी नवऱ्याला अरे-तुरे करते आणि त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. दोघं पुरुष तसे चांगले आहेत. फक्त बोललेला शब्द खाली पडू द्यायचा नाही हा दोघांना रोग आहे, आणि त्यावर कुवैराच्या दवाखान्यात औषध मिळत नाही.

आमच्याकडचे पुरुष तलाकची शपथ घालतात. रागातच घालतात असं नाही, प्रेमानंही घालतात. "माझ्यावर तलाक, आणखी एक कप घेतल्याशिवाय उठलास तर!" पाहुणा बिचारा घेतो. त्याला चहा नको असतो, पण यजमानाच्या बायकोचं घर मोडायचं नसतं. माझ्या आईचा संसार अशा रीतीनं कित्येक वर्षं दुसऱ्यांनी प्यायलेल्या चहावर टिकला. ती आत बसून कपांचा आवाज ऐकायची आणि कप खाली ठेवल्याचा आवाज आला की पुन्हा पीठ मळायला लागायची.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या वडीलधाऱ्या हाज फुरैजच्या नातवाचं लग्न होतं. मन्सफच्या, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताच्या, परातीभोवती पुरुष उभे होते, उजवे हात भातात. सुवैलमला लोकांना हसवायची हौस. तो म्हणाला, "मागच्या गोळ्यातून तेल गळतंय माझ्या. दखीलनं लावलेलं बूच आणि नवरीनं मेंदीच्या हातानं लावलेलं बूच, फरक मला कुणीतरी दाखवा."

सगळे हसले. दखील हसला नाही. त्यानं हातातला भाताचा गोळा परत परातीत ठेवला, जे आमच्याकडे कुणी करत नाही. मग तो बाहेर गेला. लग्नासाठी घातलेल्या पांढऱ्या झग्यानिशी तो सुवैलमच्या गाडीखाली सरपटला, पान्याला लांब पाइप चढवला आणि दोन्ही बुचं आवळली. खालचं जरा, वरचं फार. वरचं आवळताना गाडी हलत होती असं बघणारे सांगतात. बाहेर आला तेव्हा झगा पुन्हा कधी लग्नाला नेण्यासारखा राहिला नव्हता. सगळ्यांसमोर उभा राहून तो म्हणाला, "माझ्यावर तलाक, हे वरचं बूच माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं सुटलं तर!"

सुवैलमच्या तोंडात घास होता. तो गिळायलाही थांबला नाही. "आणि माझ्यावर तलाक, तुझा हात पुन्हा माझ्या गाडीला लागला तर!"

मी बायकांच्या बाजूला होते. सुवैलमची बायको नौफ माझ्या शेजारीच बसली होती. पडद्यापलीकडून दोन्ही वाक्यं आम्हाला स्पष्ट ऐकू आली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भाताला मीठ कमी आहे का गं?"

"कमी आहे," मी म्हणाले.

हिवाळा तसाच गेला. दोघं रस्त्यात भेटले तर सलाम करायचे, तब्येत विचारायचे, आणि बुचाचा विषय निघेल म्हणून आपापल्या वाटेनं निघून जायचे. मग पाऊस झाला, दऱ्यांमधून पाणी धावलं आणि सुवैलमनं पाहुण्यांसमोर मर्दुमकी दाखवायला गाडी त्या पाण्यातून काढली. मागचा गोळा पाण्यात बुडाला. आत पाणी गेलं की तेलाचं ताक होतं आणि ताकात दातेरी चाकं टिकत नाहीत. एवढं त्यालाही कळतं. तेल बदलायलाच हवं होतं.

दखील सुटे भाग आणायला अकबाला गेला होता, तेवढ्यात सुवैलम गाडी घेऊन आमच्या अंगणात आला. शेडच्या तोंडाशी सावली बघून त्यानं गाडी लावली.

"तर्फा, जरा तो मोठा पाना दे."

"कशाला?"

"तेल बदलायचंय."

"सुवैलम, वरचं बूच…"

"मला काय अक्कल नाही? वरच्याला मी हात लावत नाही. खालच्यावर कुणाची शपथ नाही. आधी खालचं उघडतो, तेल निघून जाऊ दे. वरच्याचं मग बघू."

दखीलच्या शेडमध्ये शेणगोळे गोळा करणाऱ्या किड्यालाही माहीत आहे की आधी वरचं उघडायचं. वरचं सुटतंय याची खात्री झाली की मगच खालचं. नाहीतर तेल जातं आणि भरायला वाट राहत नाही. सुवैलमलाही हे माहीत होतं. पण वरच्या बुचावर शपथ होती, आणि शपथेचा मान राखायला त्यानं खालचं आधी उघडलं. पांढुरकं तेल वाळूत पडलं. ते जिरायला जेवढा वेळ लागला तेवढाच त्याला विचार करायला लागला. गाडी आता कोरडी होती, वरचं बूच दखीलशिवाय कुणी उघडायचं नव्हतं आणि दखीलनं गाडीला हात लावायचा नव्हता.

"तर्फा," तो म्हणाला, "चहा आहे का?"

संध्याकाळच्या आत दखील परतला. त्यानं हात पाठीमागे बांधले, कारण शपथ त्याची नसली तरी माझ्या वहिनीचं घर त्यावर होतं, आणि वाकून गाडीखाली पाहिलं.

"खालचं आधी उघडायला कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या शपथेनं," सुवैलम म्हणाला.

गाडी ढकलून बाजूला करावी तर कोरड्या गोळ्यात दाते खरडून निघतील. म्हणून ती शेडच्या तोंडाशी तशीच राहिली आणि तिच्यामागे दखीलचं सगळं काम अडलं. ज्यांच्या गाड्या आत होत्या त्यांना बाहेर काढता येईनात, ज्यांना आणायच्या होत्या त्यांना आत नेता येईनात. ते सगळे आमच्या अंगणात बसून राहिले. मी चहा करत होते. कुणाला माझी चिंता वाटत होती असं नाही, पण चहा छान झालाय असं सगळे म्हणत होते.

इथं एक गोष्ट मी सरळ सांगून टाकते. मला दखील हवा होता. माणूस हट्टी आहे, तोंड फुगवून बसतो, घरात डिझेलचा वास आणतो. पण भाकरीला हात लावण्याआधी साखर आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात चोळतो, रोज. मला ताप आला की उशाशी येऊन बसतो आणि कार्बुरेटरबद्दल बोलत राहतो, कारण त्याला दुसरं बोलता येत नाही. आमचा मुलगा सायल फौजेत गेला त्या दिवशी शेडमध्ये जाऊन एकटाच रडला आणि डोळ्यांत ग्रीस गेलं म्हणाला. एवढ्यावर मी खूश होते. आणि तो एका बुचापायी मला गमावणार होता, किंवा नव्हता. मला कळत नव्हतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख रिबहीला बोलावलं. हा आमच्या मशिदीचा इमाम, सरकारनं इर्बिदहून नेमलेला. तिकडच्या हिरव्या डोंगरातला माणूस. त्याचा अर्धा दिवस चपलेतली वाळू झटकण्यात जातो. पण माणूस भला. हाज फुरैजही आला, कारण सगळं त्याच्या घरच्या मन्सफवरून झालं होतं आणि त्याला त्याचा थोडा अभिमान होता.

"दोन शपथा आहेत," हाज म्हणाला. "एक तरी मोडणारच. कुठली मोडायची तेवढं ठरवा, म्हणजे झालं."

"म्हणजे दोन बायकांपैकी कुठली," मी ट्रे ठेवत म्हणाले.

"पोरी, आम्ही बुचाबद्दल बोलतोय."

शेखनं दोघांकडून शपथेचे शब्द पुन्हा म्हणवून घेतले. मग चपलेत बोट घालून जरा विचार केला. "सुवैलम, तू 'माझ्या गाडीला' असं म्हणालास. बरोबर?"

"बरोबर."

"मग गाडी तुझी नसली तर?"

अंगणात सगळे खूश झाले. गाडी दुसऱ्याला देऊन टाकायची, म्हणजे दखीलला हात लावायला मोकळीक. सुवैलमनं भोवताली बसलेल्या एकेका माणसाकडे पाहिलं. हाज फुरैजकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मग मान फिरवली. शेवटी त्याची नजर माझ्यावर आली.

"तर्फा, ही गाडी तुझी. हे सगळे साक्षीला आहेत. दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत असं नसतं," शेख म्हणाला. "दिली म्हणजे दिली."

"बरं," सुवैलम म्हणाला, कडू काढा घशाखाली ढकलावा तसा. "तुझी." आणि त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. शिवणयंत्र सोडलं तर चाक असलेली माझी ही पहिलीच वस्तू.

दखील उठला. पाना आणि पाइप घेऊन गाडीपाशी गेला, आणि खाली सरपटण्याआधी थांबून माझ्याकडे बघून म्हणाला, "मालकीणबाई, हात लावू का?"

"लाव," मी म्हणाले. हिवाळ्यानंतर तो पहिल्यांदाच हसला होता. मलाही हसू आलं. वाटलं, सुटलो.

बूच सुटेना. त्यानं पान्यावर सगळा जोर टाकला, मग पाय लावून टाकला. डिझेल ओतून वाट पाहिली. हातोडीनं बुचाच्या तोंडावर ठोकलं. गॅसची शेगडी आडवी धरून बुचाभोवतीचं लोखंड तापवलं, तेव्हा शेख लांब जाऊन उभा राहिला. पुन्हा पाना लावला. पाना घसरला आणि बुचाचा एक कोपरा झिजला, मग दुसरा. अडचण साधी होती. ते बूच त्यानं रागानं पेटलेला असताना आवळलं होतं. आता राग नव्हता, मग तेवढी ताकद आणणार कुठून?

"मीच आवळलंय की हे?" तो गाडीखालून म्हणाला.

"मेंदीच्या हातानं," सुवैलम म्हणाला. त्याच्यानं राहवलं नाही.

हाज फुरैजनं तोडगा काढला. शपथेत हात दखीलचा पाहिजे असं आहे, ताकद दखीलची पाहिजे असं नाही. मग दखीलनं पान्यावर हात ठेवावा आणि पाइपच्या टोकाला तिघांनी ओढावं. हात दखीलचाच. शेखनं विचार केला आणि म्हणाला की यावर त्याच्याजवळ पुस्तकातलं काही नाही, पण चालावं. तिघं गडी पाइपाला लटकले. दखीलचा हात पान्यावर असा ठेवला होता की जणू आजाऱ्याची नाडी बघतोय. "एक, दोन," म्हणत त्यांनी झटका दिला आणि पाना सुटून दखीलची बोटं लोखंडाच्या मध्ये आली.

मी बोटं धुतली, फडक्यात बांधली. दोन बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. तो नुसता माझ्या हाताकडे बघत होता. आता त्याचा हात महिनाभर तरी पाना धरणार नव्हता, आणि बूच तर त्याच हाताची वाट पाहत होतं. माझाही धीर सुटायला लागला होता.

शेवटी शेख दखीलसमोर येऊन मांडी घालून बसला आणि जे आल्या आल्या विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं, सायलचा बाप म्हणून हाक मारून.

"अबू सायल, मला सांग. शपथ घेतलीस तेव्हा मनात काय होतं? बायकोला सोडायचं मनात होतं, की बोलण्याला जोर यावा म्हणून बोललास? नुसत्या जोरासाठी बोललास तर तलाक होत नाही. शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त दे आणि मोकळा हो. मग बूच कुणीही उघडो."

एवढंच होतं. एक वाक्य. 'नव्हतं मनात.' मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. हातातली किटली खाली ठेवायची विसरले होते.

दखीलनं सुवैलमकडे पाहिलं. सुवैलमच्या ओठांवर अजून ती मेंदीची थट्टा होती. नव्हतं मनात म्हणायचं, म्हणजे शपथ पोकळ होती असं त्याच्यासमोर म्हणायचं. अंगणभर लोक होते, सगळे कुवैरापर्यंत जाऊन सांगणार होते.

"शपथ म्हणजे शपथ," दखील म्हणाला. "मी पोरासोरांसारखा बोलत नाही."

"अरे, पण मनात…"

"शब्द म्हणजे शब्द, शेख."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी या माणसाचे झगे धुतले, दगडावर कितीही आपटले तरी डाग न जाणारे. आणि चारचौघांत माझ्यासाठी त्याच्या तोंडून दोन शब्द निघेनात, तेही खरे. म्हटलं, ठीक आहे. तू तुझा शब्द ठेव, मला माझी गाडी आहे.

मी किटली ठेवली, ओढणी डोक्यामागे घट्ट बांधली आणि शेडमधून छिन्नी आणि हातोडी घेतली. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांना वाटलं चहा येतोय. मी गाडीखाली शिरले तेव्हा हाज म्हणाला, "ही कुठं चालली?"

"तर्फा, बाहेर ये!" सुवैलम ओरडला.

"हात लावू नकोस!" हा दखील. त्याच्या आवाजात भीती होती. मला ती ऐकू आली आणि बरं वाटलं, पण फार नाही.

"माझी गाडी आहे," मी आतून म्हणाले.

बुचाचे कोपरे गेले होते, पाना धरायला काही उरलं नव्हतं. मी छिन्नी कडेला तिरकी लावली, सुटायच्या बाजूला, आणि घाव घातला. छिन्नीनं खाच पाडली. त्याच खाचेत पुन्हा घातला. तिसऱ्या का चौथ्या घावाला वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि बूच हललं. माझ्या हातात काही जादू नव्हती. त्याआधी त्यानं तापवलं होतं, डिझेल पाजलं होतं, तिघा गड्यांनी ओढलं होतं. बूच सुटायलाच आलं होतं, मी फक्त शेवटी आले. पुढचं मी बोटांनी फिरवून काढलं, गाडीखालून बाहेर आले आणि दखीलच्या बऱ्या हातात ठेवलं.

"घे."

प्रत्येक जण मनात तेच जुळवत होता. वरचं बूच, दुसऱ्या कुणाचा हात. हाज फुरैजनं चहाचा कप ओठांपाशी नेऊन तसाच धरला. दखील त्या बुचाकडे बघत होता. सगळं रक्त उतरून त्याचा चेहरा लग्नातल्या झग्यासारखा पांढरा पडला होता.

शेख एकाच पायात चप्पल घालून धावत आला. "दखील! आता ऐक. आता मान-बिन काही नाही. देवाला साक्षी ठेवून सांग, त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं?"

दखीलनं खरंच विचार केला. मी त्याला ओळखते, तो आठवत होता, डोळे बारीक करून, एखादं इंजिन कुठल्या बाजूनं खोललं होतं ते आठवावं तसं.

"बूच होतं," तो म्हणाला.

"आणखी?"

"आणि सुवैलमचं तोंड."

"बायकोला सोडायचं होतं?"

"तर्फाला?" त्यानं शेखकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, हे नाव या बोलण्यात कुठून आलं. "तर्फाचा काय संबंध? तिचा विचारसुद्धा नव्हता मनात."

"जरासाही नाही? शपथेवर सांग."

"देवाशपथ, शेख. ती माझ्या मनात नव्हतीच. बोलताना नाही, आवळताना नाही, नंतर घरी जातानाही नाही." त्याला आता वाट सापडली होती आणि तो थांबेना. "सगळा हिवाळा गेला, तिचा विचार एकदाही आला नाही. बुचाचा आला. तिचा नाही."

"अल्हम्दुलिल्लाह!" शेख म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "हेतूच नव्हता. तलाक नाही. दहा गरिबांना जेवू घाल, अबू सायल, शपथ मोडली त्याचं प्रायश्चित्त. आणि पुन्हा तोंड सांभाळ."

सगळं अंगण उठलं. लोकांनी दखीलला मिठ्या मारल्या, सुवैलमनंही मारली, हातावरचं बांधलेलं फडकं विसरून, आणि दखील कळवळला. हाज फुरैज माझ्यापाशी आला. म्हणाला, "मुबारक, पोरी. तुझं घर वाचलं."

वाचलं होतं. सगळा हिवाळा मी भाकरी थापताना त्या बुचाचा विचार केला होता. सुवैलमची गाडी दारावरून गेली की माझा जीव टांगणीला लागायचा. दगडावर आपटली तर, कुणी परक्यानं पाना लावला तर. आणि तो शेजारी झोपून घोरत होता आणि त्याच्या मनात मी नव्हते, एकदाही. माझ्या संसाराच्या बाजूनं त्याच्याजवळ एवढाच पुरावा होता. तो पुरावा भक्कम होता, पण मला रडू येत होतं आणि तिथं रडायला जागा नव्हती, म्हणून मी तेल भरायला घेतलं.

खालचं बूच बसवलं. पंपानं वरच्या भोकातून तेल घातलं, भोकाच्या ओठावरून बाहेर ओघळेपर्यंत. जुनं बूच कामातून गेलं होतं. दखीलच्या डब्यातून नवं घेतलं, पुसलं, लावलं. हात धुतले, साखर आणि साबण लावून.

सुवैलम हात पुढे करून आला. "किल्ली दे. माझे पाहुणे थांबलेत."

"तुझे पाहुणे मी नेऊन सोडेन," मी म्हणाले. "गाडीत बस."

त्यानं शेखकडे पाहिलं. शेख वाकून चपलेतली वाळू काढत होता आणि ती बरीच निघत होती. सुवैलम गाडीत बसला, दुसऱ्या बाजूला.

दखील अंगणाच्या मध्ये उभा होता. "कुठं निघालीस?"

"आईकडे. थोडे दिवस. डाळ चुलीवर आहे, भाकऱ्या फडक्यात आहेत."

"का पण? सगळं मिटलं ना?"

"मिटलं. तू इथं बस आणि माझा विचार कर," मी म्हणाले. "जमेल हळूहळू."

मी गाडी सुरू केली आणि फाटकातून बाहेर काढली. मुद्दाम हळू चालवत होते. काच खाली होती. वाळूच्या वळणाशी आले तेव्हा आरशात तो दिसला, धावत येताना, एक हात फडक्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं झगा गुडघ्यापर्यंत धरलेला. या वयात मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. मी ब्रेक दाबला.

तो खिडकीशी येऊन उभा राहिला. धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. मी वाट पाहिली. सुवैलमनं शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

"तर्फा," तो म्हणाला.

"बोल."

"नवं बूच… किती आवळलंस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"कुणाच्याही हातानं सुटेल इतकंच," मी म्हणाले आणि गिअर टाकला.